रोग रेड्याला, औषध पखालीला

(सातारा-सांगली जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवरचा तिसरा विषय वाचून काही जण हसले, ते आम्ही पाहिले. 'जुन्या संगणकावर संकेतस्थळ उघडत नाही, तर काय करावे?' एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तर चहाच्या वेळी विचारलेच, "उसाच्या दराची बैठक समजते, टेंभूच्या पाण्याची समजते. ही काँप्युटर दुरुस्तीची बैठक कुठून काढली?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

पूर्वी आपले भांडण माणसाशी होते. तलाठी जागेवर नसला तर त्याच्या दारात बसता येत होते. कचेरीने अर्ज घेतला नाही तर कचेरीसमोर ठिय्या देता येत होता. आता काय झाले आहे? १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची पद्धत आली. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सातबारा संगणकावर, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज संगणकावर, विमा संगणकावर. हे चांगले की वाईट, हा आजचा वाद नाही. पुष्कळांचे हेलपाटे वाचले, हेही खरे आहे. पण चार दारे होती त्या जागी एकच दार उरले, आणि त्या दाराची कडी म्हणजे ब्राउझर. म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज, ज्याच्यातून आपण संकेतस्थळ पाहतो तो प्रोग्रॅम. ही कडी अडकली की समोर माणूस नसतो. समोर असते एक इंग्रजी पाटी. पाटीसमोर ठिय्या देऊन उपयोग नाही. ती वाचावी लागते.

म्हणून ही बैठक.

पन्नास रुपयांचा सेल

खटाव तालुक्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे या मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या तालुक्यात आहेत. सोसायटीच्या कचेरीत एक संगणक. त्यावर बारा-तेरा वर्षांपूर्वीची विंडोज ७. खरीप विम्याची शेवटची तारीख चार दिवसांवर आली, आणि संगणकावर पान उघडेना. एकच नाही, कुठलेच पान उघडेना. चालवणाऱ्या पोराने चाळीस वेळा तेच बटण दाबले. मग तालुक्याहून दुरुस्तीवाला आणला. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, "मशीन जुनं झालंय, आता नवीनच घ्या." किंमत ऐकून सेक्रेटरी गप्प बसले. लोक तालुक्याच्या गावी पळाले. तिथे रांग. एक विधवा बाई, तीस गुंठे सोयाबीन, दोन दिवस मजुरी बुडवून रांगेत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तारीख संपली. पुढे परतीच्या पावसात सोयाबीन शेतातच काळे पडले. विम्याच्या यादीत तिचे नाव नव्हते.

आम्ही त्या कचेरीत गेलो ते तारीख उलटून गेल्यावर, दुसऱ्याच कामासाठी. सहज पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहिले. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९.

संगणकाच्या आत मदरबोर्डवर एक गोल, चपटा सेल असतो. सीआर २०३२ असे त्याच्यावर लिहिलेले असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो. संपला की वीज गेली रे गेली, संगणकाची तारीख मागे जाते. आता प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असे लिहिलेले असते. संगणकाला वाटते की आपण २००९ सालात आहोत. मग आज दिलेले प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि तो दार लावून घेतो. पडद्यावरच्या पाटीत इंग्रजीत लिहिलेही होते की तुमचे घड्याळ मागे आहे. ती ओळ कुणी वाचली नाही.

सेलची किंमत पन्नास रुपयांच्या आत. तोही मिळेपर्यंत तारीख हाताने दुरुस्त करून काम चालवता आले असते. त्याला दोन मिनिटे लागतात.

दोष त्या पोराचा आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याला कुणी शिकवलेच नव्हते. पण दुरुस्तीवाल्याने जे केले ते आपण शेतात रोज पाहतो. पान पिवळे पडले की दुकानदार म्हणतो युरिया टाका. उसाचे पान पिवळे पडते नत्र कमी पडले म्हणून, चुनखडीच्या रानात लोह मिळत नाही म्हणून, पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही म्हणून, आणि खाली हुमणी मुळे खात असते म्हणूनही. चार कारणे, चार वेगळे उपाय. मुळाशी हुमणी असताना वरून युरिया ओतला तर पैसे जातात आणि ऊसही जातो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेतकी शाळेत आम्हाला पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवली होती: आधी निदान, मग फवारणी. संगणकालाही तोच नियम लावायचा. निदानाला पैसे लागत नाहीत, क्रम लागतो. तो क्रम आज इथे लिहून घ्या.

निदानाचा क्रम

पहिले, तारीख आणि वेळ पाहा. शेजारी मोबाईल धरा आणि दोन्ही जुळतात का ते तपासा. दिवस, महिना, साल, सगळे. चुकले असेल तर दुरुस्त करा. वीज गेल्यावर पुन्हा चुकत असेल तर सेल बदला.

दुसरे, एकच संकेतस्थळ बंद आहे की सगळी? दुसरी दोन पाने उघडून पाहा. मग तेच अडलेले संकेतस्थळ मोबाईलवर पाहा, आणि ते सोसायटीच्या वायफायवर नाही तर मोबाईलच्या स्वतःच्या नेटवर. दोन-तीन वेगळ्या मोबाईलवरही उघडत नसेल तर रोग तुमच्या दारात नाही, तो त्यांच्या दारात आहे. तिथे तुमचा संगणक उघडून काही होणार नाही. पडद्याचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

तिसरे, मोबाईलवर उघडते आणि संगणकावर नाही, अशी स्थिती असेल तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, इन्कॉग्निटो म्हणतात ती. तिच्यात पान उघडले तर साठून राहिलेल्या जुन्या फायलींचा तो दोष. ब्राउझरमधला साठा आणि कुकीज पुसा, काम होते. पुसण्याआधी पासवर्ड वहीत आहेत ना, एवढे पाहून घ्या.

चौथे, दुसरा ब्राउझर लावून पाहा. याला कारण आहे. मघाशी प्रमाणपत्र म्हटले, ते खरे की खोटे हे ठरवायला संगणकाकडे विश्वासू सही करणाऱ्यांची एक यादी असते. गावात जशी कुणाची जामीनकी चालते आणि कुणाची नाही याची यादी लोकांच्या डोक्यात असते, तशी. जुन्या विंडोजवर ही यादी वर्षानुवर्षे नवी होत नाही. ३० सप्टेंबर २०२१ या दिवशी 'लेट्स एन्क्रिप्ट' या फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या पाठीशी असलेल्या एका जुन्या मूळ सहीची मुदत संपली. नवी सही ज्या यंत्रांच्या यादीत नव्हती, त्या जगभरच्या जुन्या यंत्रांवर आदल्या दिवशी उघडणारी पाने अडू लागली. यंत्र तेच, संकेतस्थळ तेच, बदलली फक्त तारीख. अशा वेळी फायरफॉक्स कामाला येतो, कारण तो विंडोजच्या यादीवर विसंबत नाही, स्वतःची यादी बरोबर घेऊन येतो.

पाचवे, ब्राउझर किती जुना आहे ते पाहा. मदतीच्या यादीत 'अबाउट' म्हणून जागा असते, तिथे आकडा दिसतो. तो आकडा कागदावर लिहा. खरे दुखणे बहुतेक वेळा इथेच असते, म्हणून यावर थोडे थांबून बोलतो.

रान आणि पीक

खटावच्या त्या संगणकाची तारीख आम्ही दुरुस्त केली, तेव्हा बाकीची पाने उघडली. पण एका योजनेचे पान तरीही अर्धवटच उघडे. बटण दिसे, पण दाबले की काही होत नसे. 'ब्राउझर अद्ययावत करा' अशी सूचना येई, आणि अद्ययावत करायला गेले की 'या संगणकाला यापुढे नवी आवृत्ती मिळणार नाही' असे उत्तर येई. पोरगा म्हणाला, "साहेब, हे तर कोंबडी आधी की अंडं आधी असं झालं."

तसे नाही. विंडोज म्हणजे रान आहे आणि ब्राउझर म्हणजे त्या रानातले पीक. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरजेकडच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. रान क्षारपड झाले की त्यात पाडेगावहून आणलेले उत्तमातले उत्तम बेणे लावा, उगवण होत नाही. दोष बेण्याचा नसतो.

विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. क्रोमने २०१६ साली ५० व्या आवृत्तीपासून एक्सपी सोडली. फायरफॉक्सची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती ५२, तिच्या दुरुस्त्या २०१८ मध्ये संपल्या. म्हणजे एक्सपीवर आज सरकारी अर्ज भरण्याची खटपट करू नका, त्यात फक्त वेळ जातो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आली तिला विंडोज १० लागते. एजचेही तेच, १०९ वर गाडी थांबली. फायरफॉक्स मात्र जुलै २०२३ मध्ये आलेल्या ११५ व्या आवृत्तीपर्यंत विंडोज ७ वर चालतो, आणि तिच्या दीर्घ मुदतीच्या शाखेला, जिला ईएसआर म्हणतात, मोझिलाने नंतरही मुदत वाढवून सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या. तेव्हा विंडोज ७ वर अडलेल्या माणसाने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे फायरफॉक्सची ११५ ईएसआर लावून पाहायची. ती मोझिलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यायची. खटावात आम्ही तेच केले आणि त्या योजनेचे पान उघडले. त्या दिवशी त्याचा काही उपयोग नव्हता, तारीख गेली होती. पुढच्या हंगामाला झाला.

कंपन्या जुने रान का सोडतात? केवळ धंद्यासाठी असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. चोर रोज नवी भोके शोधतात. खालच्या विंडोजची भोके बुजवणे थांबले की वरचा ब्राउझर कितीही चांगला असला तरी घर उघडेच. म्हणून जुन्या विंडोज ७ वर अर्ज भरणे वेगळे आणि त्यावरून सोसायटीचे बँक खाते चालवणे वेगळे. पहिले थोडे दिवस निभावून न्या. दुसरे आजच बंद करा.

हे करू नका

चार गोष्टी आम्ही हात जोडून सांगतो.

एक, पान उघडावे म्हणून तारीख मुद्दाम मागे नेऊ नका. काही ठिकाणी ही युक्ती चालते, आणि मग बाकीची दहा पाने बंद पडतात.

दोन, 'धोका आहे, तरी पुढे जा' असे बटण पडद्यावर येते. जिथे पासवर्ड, आधार क्रमांक किंवा बँक खाते टाकायचे आहे, तिथे ते बटण कधीही दाबू नका.

तीन, 'विंडोज ७ साठी नवीन क्रोम' असे म्हणत कुणी भलत्याच ठिकाणची फाईल देईल, ती घेऊ नका. तशी अधिकृत फाईल नाही.

चार, फोनवरून कुणी 'मी दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका आणि आकडा सांगा' म्हणाला तर फोन ठेवून द्या. दुरून तुमचा पडदा ताब्यात घेणारी ती ॲप असतात. घराची किल्ली कुणी फोनवर देत नाही.

फाळ झिजला म्हणून नांगर टाकत नाहीत

आता समजा सगळे करून पाहिले आणि पान उघडत नाही. रानच गेले. मग नवा संगणक घ्यायचाच का?

१९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर आपल्या सांगलीच्या मातीतून गावोगाव गेला. फाळ झिजला म्हणून कुणी नांगर उकिरड्यावर टाकला नाही. फाळ बदलला. संगणकाचेही तसेच पाहावे. यंत्र ठणठणीत असते, वरची विंडोज म्हातारी झालेली असते. तिच्या जागी लिनक्स घालता येते. ती फुकट आहे, तिच्यावर नव्यातला नवा फायरफॉक्स चालतो आणि मराठीही नीट दिसते. संगणक ६४ बिटचा असावा आणि मेमरी चार जीबी असली तर बरे. आहे ते न पुसता, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून आधी पाहता येते. रान विकत घेण्याआधी एक हंगाम खंडाने करून पाहावे, तसे.

पण एक सावधगिरी. सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत डिजिटल सहीचा डोंगल असतो, अंगठा घेण्याचे यंत्र असते, जुना प्रिंटर असतो. यातली काही यंत्रे फक्त विंडोजवरच चालतात. ती पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर चालतात का हे पाहिल्याशिवाय जुने पुसू नका. नाहीतर पान उघडेल आणि सही होणार नाही.

आणि ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी निर्धास्त राहू नये. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचाही नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आज धडधाकट चालणारे हजारो संगणक त्या दारातून आत जाणार नाहीत. विंडोज ७ वाले आज ज्या रांगेत आहेत, तिथे विंडोज १० वाले उद्या येणार आहेत.

मोबाईलही याला अपवाद नाही. क्रोमच्या १३९ व्या आवृत्तीला अँड्रॉइड १० लागते. ती २०२५ मध्ये आली. अँड्रॉइड ८ आणि ९ चे फोन १३८ वर थांबले. घरातला जुना फोन आजोबांच्या हाती जातो, आणि सातबारा बहुतेक वेळा आजोबांच्याच नावावर असतो. हा विनोद नाही, ही आपल्या घरातली खरी अडचण आहे.

वारणेकाठचा धडा

आता थोडे नदीकडे चला. वारणा ही सांगली आणि कोल्हापूरची शीव. शिराळा-वाळव्याची माणसे रोज ओलांडतात. तिच्या पलीकडे वारणानगर आहे. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून तिथे 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तर गावे त्यात होती. गावात संगणक बसवायचे, ते कारखान्याशी जोडायचे, आणि शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल, खताचा हिशेब हे गावातच मिळावे, त्याशिवाय पिकांची, बाजाराची माहितीही मिळावी अशी कल्पना. त्या काळी देशभर त्याचे नाव झाले. कल्पना चांगलीच होती, यात शंका नाही.

पुढे काय झाले? काही वर्षांत यंत्रे जुनी झाली. विजेची बोंब, दुरुस्तीचा खर्च. आणि प्रत्यक्षात लोक संगणकाचा उपयोग मुख्यतः एकाच गोष्टीसाठी करत होते: उसाचा हिशेब. हे शोधून काढले ते मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन शाखेने, म्हणजे विंडोज विकणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी. त्यांनी २००६-०७ च्या सुमारास सात गावांत एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस. शेतकऱ्याने संदेशाने विचारायचे, संदेशाने उत्तर. त्याला कोणती विंडोज, कोणता ब्राउझर, कशाचीच गरज नव्हती. काम भागत होते आणि खर्च कमी येत होता.

भावांनो, या धड्याचा अर्थ नीट घ्या. संगणक टाकून द्या असा तो अर्थ नाही. जुन्या यंत्राचे उत्तर दर वेळी नवे यंत्र असतेच असे नाही, असा आहे. आधी विचारायचे, शेतकऱ्याला नेमके काय हवे आहे? त्याला दहा रकाने भरायचे असतील आणि एक पोच हवी असेल, तर त्यासाठी पन्नास चित्रे हलणारे, नवा संगणक मागणारे पान कशाला?

इथे सरकारी माणूस म्हणतो, "सुरक्षेसाठी जुने बंद करावेच लागते." बरोबर आहे, पण पुरते बरोबर नाही. कुलूप वेगळे आणि कमानीवरची रोषणाई वेगळी. जुलै २०२० पासून क्रोमने टीएलएस १.० आणि १.१ ही जुनी कुलपे नाकारली, ते योग्यच होते. त्यानंतरचे टीएलएस १.२ हे कुलूप विंडोज ७ वरच्या फायरफॉक्सलाही उघडता येते. म्हणजे मजबूत कुलूप लावूनही साधे, हलके पान जुन्या संगणकावर चालवता येते. अडते ते बहुतेक वेळा रोषणाईमुळे. ती कुणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

आपण काय करायचे

शेवटी चार ठराव मांडतो. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा.

पहिला, प्रत्येक गावात दोन माणसे तयार करायची, त्यातली एक मुलगी किंवा सून असावी. त्यांना हा निदानाचा क्रम तोंडपाठ असावा. सोसायटीच्या भिंतीवर तो मराठीत लिहून लावायचा. हंगामाच्या शेवटच्या तारखेआधी एक महिना संगणक तपासायचा, तारखेच्या दिवशी नाही.

दुसरा, प्रत्येक गावात एक वही ठेवायची. संकेतस्थळ बंद पडले तर तारीख, वेळ, संकेतस्थळाचे नाव, किती शेतकरी परत गेले आणि पडद्याचा फोटो. 'सर्व्हर डाऊन होता' असे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. चाळीस गावांच्या चाळीस वह्यांत एकाच दिवशी एकच वेळ लिहिलेली असेल तर ऐकावे लागते. त्या आधारावर तालुका कृषी अधिकारी आणि तहसीलदार यांना लेखी द्यायचे की जितके दिवस दार बंद होते तितके दिवस मुदत वाढली पाहिजे.

तिसरा, मागणी. शेतकऱ्यांसाठीच्या प्रत्येक संकेतस्थळावर ते कोणत्या आवृत्तीपासून चालते हे मराठीत, पहिल्याच पानावर लिहिलेले असावे. शेवटच्या आठवड्यात पान अडले तर कागदी अर्ज घेऊन पोच दिली पाहिजे. पोच हा उपकार नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी पोच, ठरलेली मुदत आणि अपील हा आपला हक्क केला आहे. ज्या सेवा अजून त्या यादीत नाहीत त्या यादीत आणाव्यात, हीही मागणी. आणि जिथे एसएमएसने भागते तिथे एसएमएस असावा.

चौथा, खरेदीबद्दल. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. आपल्याही सोसायट्यांत संगणक येत आहेत. ते आले की हार घालून फोटो काढण्याआधी सेक्रेटरीला तीन प्रश्न विचारा: याच्या आतल्या विंडोजला कोणत्या सालापर्यंत आधार आहे? तो संपल्यावर खर्च कोण करणार? आणि अंगठ्याचे यंत्र नव्यावर चालणार का? बैल घेताना आपण दात मोजतो. इथेही दात मोजायचे.

शेतकऱ्याला अडाणी म्हणणे फार सोपे असते. त्या खटावच्या बाईला संगणक कळत नव्हता म्हणून तिचा अर्ज राहिला, असे कुणीही लिहून मोकळे होईल. पण दोन दिवसांची मजुरी बुडवून ती रांगेत उभी होती. तिच्या बाजूने काही कमी पडले नव्हते. कमी पडला तो एक सेल, आणि पाटीवरची एक ओळ वाचून सांगणारा माणूस. सेल दुकानात मिळतो. माणूस आपल्यालाच तयार करावा लागेल. पुढच्या खरिपाआधी आपल्या गावातली दोन नावे या वहीत लिहूनच इथून उठा.